लोमशातन : हरितालापासून लेसरपर्यंत

मनुष्याच्या शरीरावरील केस ही वस्तु दिसावयास लहान. परंतु तिच्याभोंवतीं त्यानें केवढा व्याप वाढवून ठेविला आहे! डोक्यावरचे केस गळूं लागले म्हणजे आपण वैद्याकडे धांव घेतों, आणि तेच केस ओठावर अथवा हनुवटीवर उगवले कीं ते घालविण्याकरितां पुन्हां त्याच वैद्याची पायरी चढतों. हा विषय मासिकाच्या पानांवर चर्चा करण्याइतका गंभीर आहे काय, अशी शंका कांहीं वाचकांस येईल. आम्हांसहि ती प्रथम आली होती. परंतु गेल्या वैशाखांत पाहिलेल्या एका लहानशा प्रसंगानें आम्हांस ह्या विषयाच्या इतिहासाकडे वळविलें, आणि पाहतों तों त्यांत करमणुकीपेक्षां बोधच अधिक निघाला.

प्रसंग असा : डहाणू तालुक्यांतील घोलवड येथें एका स्नेह्यांच्या घरीं लग्न होतें. घर चिकूच्या वाडींत, समुद्र जवळच. नवरी मुलगी शिकलेली व नोकरी करणारी. मुंबईच्या लोकल गाड्या २०१३ सालापासून विरारपुढें डहाणूपर्यंत जाऊं लागल्यावर ह्या भागांतील लोकांस मुंबईस जाऊन परत येणें पुष्कळच सोपें झालें आहे. त्या सोईचा लाभ घेऊन तिनें मुंबईच्या एका दवाखान्यांत हातांवरील व हनुवटीवरील केसांसाठीं लेसरचा उपाय करून घेतला होता. त्यास दहा दिवस झाले होते. लग्न आठवड्यावर आलेलें, आणि हातांवर तर काळे काळे ठिपके दिसूं लागलेले! आजी म्हणाल्या, "अग, हे केस तर पुन्हां उगवले. एवढे पैसे पाण्यांतच गेले म्हणावयाचे!" शेजारच्या काकूंनीं तत्काळ उपाय सुचविला कीं, डाळीचें पीठ व हळद दुधांत कालवून चांगलें खसखसून चोळावें, तान्ह्या बाळाची लव अशीच जाते. मावशींचें मत मेण लावून सगळे उपटून टाकावे असें पडलें. मुलगी रडकुंडीस आली. शेवटीं तिनें दवाखान्यांत फोन करून विचारलें, तेव्हां डॉक्टरांनीं कांहींएक न करण्याचा सल्ला दिला. चार दिवसांनीं स्नानानंतर हात पुसतांना ते 'उगवलेले' केस आपोआप टॉवेलास लागून आले!

जें उगवणें म्हणून सर्वांस वाटलें, तें वस्तुतः झडणें होतें. काकूंचा उपाय केला असता तर केस दोन दिवस आधीं गेले असते, परंतु भाजून हळवी झालेली कातडी सोलून निघाली असती, आणि बोहल्यावर चढतांना हातांवर केसांऐवजीं डाग दिसले असते. केस जाण्याचा क्षण आणि त्यानंतरचे कांहीं आठवडे ह्यांतील हा भेद आम्हांस महत्त्वाचा वाटला. केस काढण्याच्या सर्व उपायांचा इतिहास चाळून पाहिला तर प्रत्येक युगांत हाच अनुभव आल्याचें दिसतें. केस घालविण्याची युक्ति मनुष्यास लवकर सांपडते. कातडी राखण्याची अक्कल मात्र त्यास फार उशिरां येते, आणि त्या उशिराचें मोल दुसऱ्याच कोणास तरी द्यावें लागतें.

आपल्याकडील सर्वांत जुना व्यवस्थित उल्लेख सुश्रुतसंहितेंत आहे. व्रणाच्या चिकित्सेचे जे साठ उपक्रम सुश्रुतानें सांगितले आहेत, त्यांत केस काढणें व केस उगवविणें हे दोन्ही येतात. त्यांतील हेतु शृंगाराचा नव्हे, शस्त्रवैद्याचा आहे. केसांनीं व्यापलेला व्रण नीट भरून येत नाहीं, म्हणून भोंवतालचे केस वस्तऱ्यानें, कातरीनें किंवा चिमट्यानें काढावे, असें तो सांगतो. त्याखेरीज लेपहि दिले आहेत. त्यांपैकीं एकांत शंखाचें चूर्ण दोन भाग व हरिताल एक भाग घेऊन तीं आंबविलेल्या द्रवांत वाटावयाचीं आहेत. दुसऱ्यांत बिब्ब्याचें तेल व निवडुंगाचा चीक आहे. आतां बिब्बा अंगावर उतला म्हणजे काय होतें, हें जुन्या घरांतील कोणाहि माणसास विचारावें! आणि हरिताल म्हणजे सोमल व गंधक यांचें संयुग. चुन्याशीं त्याचा संयोग झाला म्हणजे गंधकाचें असें एक तीव्र द्रव्य तयार होतें कीं, तें केसाचे घटक जोडून ठेवणारे बंधच तोडून टाकतें, आणि केस लगद्यासारखा पुसून निघतो. आजच्या केस काढण्याच्या मलमांत सोमल नसतो. परंतु त्यांतील थायोग्लायकोलेट नांवाचें गंधकयुक्त द्रव्य तेंच काम करितें. पश्चिम आशियांतील हमामांत चुना व हरिताल यांचा लेप 'नूरा' ह्या नांवानें शतकानुशतकें वापरांत होता, आणि तो लावल्यावर वेळेवर धुतला नाहीं तर अंग भाजतें, हें तेथील न्हाणीवाल्यांस पक्कें ठाऊक असे. कारण उघड आहे. केस ज्या द्रव्याचा बनलेला असतो, त्याच जातीच्या द्रव्याचा कातडीचा वरचा थरहि बनलेला असतो. लेपास केस कोणता व कातडी कोणती हें कळत नाहीं. तें लावणाराला कळावें लागतें. सुश्रुतानें त्वचेचे सात थर मानले असून त्यांतील अगदीं वरच्यास 'अवभासिनी' असें नांव दिलें आहे, व सर्व वर्ण त्याच थराच्या योगानें प्रकट होतात असें म्हटलें आहे. हें नांव वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. पुढें लेसरच्या प्रकरणीं त्याची आठवण होईल.

ज्या भागांत वरील लग्न झालें, तेथेंच केसांविषयींचा एक निराळा विचारहि फार पूर्वीं येऊन राहिलेला आहे. घोलवड-बोर्डीच्या मागील डोंगरांत बाहरोटचीं लेणीं आहेत. संजाणचा पाडाव झाल्यावर पारशी लोकांनीं आपला पवित्र अग्नि, इराणशाह, बारा वर्षें ह्या डोंगरांत लपवून ठेविला होता, अशी त्यांची परंपरा 'किस्सा-इ-संजान' ह्या काव्यांत नमूद आहे. ह्या लोकांच्या वेंदिदाद नामक धर्मग्रंथांत कापलेल्या केसांची व नखांची व्यवस्था कशी लावावी ह्याचें एक स्वतंत्र प्रकरणच आहे. ते केस श्रद्धावंत मनुष्यापासून दहा, अग्नीपासून वीस व पाण्यापासून तीस पावलें दूर नेऊन पुरावयाचे. जमीन कठीण असेल तर खळगा दहा बोटें खोल, मऊ असेल तर बारा बोटें. केस शरीरावर असेपर्यंत आपला, आणि सुटतांच मृत व अशुद्ध, ही त्यामागील कल्पना. आपल्याकडेहि जावळ काढतांना, मुंजींत अथवा आशौचांत वपन करितांना, केस जाणें ही नुसती स्वच्छतेची गोष्ट नसते. मनुष्य एका अवस्थेंतून दुसरींत गेला, ह्याची ती खूण असते. इराणांत दोऱ्यानें चेहऱ्यावरील केस काढण्याची जी जुनी चाल, तीहि मुलीच्या विवाहाशीं निगडित होती. आज गांवोगांवच्या ब्यूटी पार्लरांत चालणारें थ्रेडिंग त्याच जातीचें. फक्त त्यास आतां विवाहाचें निमित्त लागत नाहीं.

परंतु केस जाण्याच्या सर्वच खुणा आनंदाच्या नव्हत्या. महाराष्ट्राच्या इतिहासांत ह्या विषयाचें जें सर्वांत काळें पान आहे, तें विधवांच्या केशवपनाचें. नवरा वारला कीं दहा-बारा वर्षांच्या पोरीसहि न्हाव्यापुढें बसावें लागे, आणि पुढें जन्मभर ठरल्या दिवशीं तोच वस्तरा डोक्यावरून फिरे. आगरकरांनीं 'सुधारका'च्या स्तंभांतून ह्या चालीवर कठोर प्रहार केले, हें सर्वश्रुतच आहे. परंतु १८९० सालीं मुंबईंत जें घडलें, त्याची आठवण त्या मानानें कमी ठेवली जाते. त्या वर्षीं सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते व 'दीनबंधु' पत्राचे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानें मुंबईंतील न्हाव्यांनीं एकत्र जमून, ह्यापुढें विधवांच्या डोक्यावर वस्तरा धरावयाचा नाहीं, असा निर्धार केला. शास्त्रार्थाचे वाद पंडितांनीं घालावे. ज्याच्या हातीं हत्यार, त्यानेंच तें खालीं ठेविलें! ह्या गोष्टीचा आमच्या विषयाशीं संबंध एवढाच कीं, केस काढण्याच्या कोणत्याहि प्रकारांत दोन प्रश्न नेहमीं असतात. तो कोणाच्या इच्छेनें काढला जातो, हा पहिला. आणि ज्याच्या हातांत हत्यार आहे, तो त्या माणसाच्या हिताचा विचार करितो कीं नाहीं, हा दुसरा. पुढील शतकांत वस्तऱ्याची जागा यंत्रांनीं घेतली. प्रश्न मात्र तेच राहिले.

यंत्रयुगाचा आरंभ तसा सावधपणें झाला. १८७५ सालीं अमेरिकेंत सेंट लुई येथील नेत्रवैद्य चार्लस मिशेल यांनीं पापणीचा आंत वळून डोळ्यास टोंचणारा केस विजेच्या बारीक सुईनें कायमचा नष्ट करण्याची रीत प्रसिद्ध केली. हीच इलेक्ट्रोलिसिस. एका वेळीं एक केस. काम कंटाळवाणें, परंतु धोका थोडा. अशा वेळीं १८९५ च्या नोव्हेंबरांत राँटजेन यांस क्ष-किरणांचा शोध लागला, आणि अवघ्या कांहीं महिन्यांत त्या किरणांचा एक अनपेक्षित गुण उघडकीस आला. व्हँडरबिल्ट विद्यापीठांतील डॅनियल नांवाच्या प्राध्यापकांनीं १८९६ सालीं डडले ह्या आपल्या सहकाऱ्याच्या डोक्याचें क्ष-किरणांनीं छायाचित्र घेण्यासाठीं त्यांस तासभर बसविलें. त्या वेळीं कांहींच झालें नाहीं. एकविसाव्या दिवशीं मात्र यंत्र धरलेल्या जागेचे सर्व केस गळून पडले! वेदना नाहीं, जखम नाहीं. त्याच वर्षीं व्हिएन्ना येथें लिओपोल्ड फ्रॉइंड यांनीं पाठीवर जन्मतःच मोठा केसाळ डाग असलेल्या एका पांच वर्षांच्या मुलीवर हे किरण मुद्दाम सोडले. केस खरोखरच झडले. परंतु पुढें कमरेकडील भागावर किरण सोडले, तेव्हां तेथें व्रण पडला, आणि तो बरा होतां होईना. ती मुलगी जगली. सुमारें पाऊणशें वर्षांनंतर वैद्यांनीं तिला पुन्हां तपासलें, तेव्हां त्या व्रणाच्या खुणा तिच्या पाठीवर तशाच होत्या.

म्हणजे भयसूचक खूण पहिल्याच रोग्याच्या अंगावर उमटली होती. परंतु व्यापाराची दृष्टि केसांवर होती, कातडीवर नव्हती. १९२० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत अल्बर्ट गायझर नांवाच्या डॉक्टरानें 'ट्रायको' ह्या नांवाचें क्ष-किरण यंत्र काढलें व तें शहरोशहरींच्या सौंदर्यगृहांस भाड्यानें दिलें. यंत्र चालविणाऱ्यांस वैद्यकाचें शिक्षण नव्हतें. लांकडी पेटीपुढें चेहरा धरून कांहीं मिनिटें बसावयाचें. दिसावयास कांहीं नाहीं, दुखावयास कांहीं नाहीं, आणि आठवड्यांनीं केस नाहींसे! हजारों स्त्रियांनीं हा उपाय करून घेतला. कांहीं वर्षें गेलीं. मग त्यांच्या हनुवटीची कातडी पातळ होऊन सुरकुतली, पांढरे-तपकिरी डाग उमटले, व्रण झाले, आणि कित्येकींस कर्करोगानें गांठलें. अमेरिकन वैद्यकसभेनें १९२९ च्या सुमारास त्या यंत्राचा जाहीर निषेध केला. तरी १९४७ सालीं देखील त्वचावैद्यांस आपल्या पत्रांतून, क्ष-किरणांनीं केस काढणें धोक्याचें आहे, असा इशारा पुन्हां द्यावा लागला. ह्याच काळांत थॅलियम नांवाच्या विषारी धातूचा क्षार घातलेलें 'कोरेम्लू' हें मलम बाजारांत आलें होतें. उंदीर मारण्याच्या औषधांत वापरलें जाणारें हें विष त्वचेंतून शरीरांत जाऊन अनेक स्त्रियांच्या पायांच्या नसा दुखावल्या, आणि ओठावरील केस घालवावयास गेलेल्यांच्या डोक्यावरचेच केस गळाले. १९३२ सालीं ती कंपनी बुडाली. ज्या कातड्या बिघडल्या त्या मात्र भरून निघाल्या नाहींत.

हा सर्व इतिहास मागें ठेवूनच लेसरकडे पाहिलें पाहिजे. १९६० च्या मे महिन्यांत थिओडोर मेमन यांनीं माणकाच्या कांडींतून एकाच रंगाचा, एकाच दिशेचा तीव्र प्रकाश निर्माण केला. तो पहिला लेसर. ह्या शास्त्रांत महाराष्ट्राचाहि एक वांटा आहे, आणि तो आमच्या वाचकांस ठाऊक असावा. बारामती येथें १९३८ सालीं जन्मलेले व पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत शिकलेले सी. कुमार पटेल यांनीं १९६४ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत कार्बन डायऑक्साइड वायूचा लेसर सिद्ध केला. त्याचा किरण पाण्यांत शोषला जातो, म्हणून तो पाण्यानें भरलेल्या मांसपेशी कापण्यास उपयोगी पडला. केस काढण्यास तो कामाचा नाहीं. कोणता रंग कोणत्या द्रव्यांत शोषला जाईल, ह्यावरच लेसरचें सर्व वैद्यक अवलंबून आहे. १९८३ सालीं अँडरसन व पॅरिश ह्या दोघां शास्त्रज्ञांनीं हें तत्त्व नेमकें मांडलें. योग्य रंगाचा प्रकाश योग्य तितका अल्प काळ सोडला, तर इच्छिलेला घटक तेवढा भाजतो व शेजारचा वांचतो. केसांत मेलॅनिन नांवाचें काळें रंजकद्रव्य असतें. तें प्रकाश शोषून तापतें, आणि ती उष्णता केसाच्या मुळाशीं जाऊन त्यास दुर्बळ करिते. १९९६ सालीं अँडरसन यांच्या सहकाऱ्यांनीं माणकाच्या लेसरनें केसांच्या मुळांवर होणारा परिणाम मनुष्यांवर प्रयोग करून दाखविला, आणि थोड्याच वर्षांत हा उपाय जगभर पसरला. येथें एक शब्द तोलून घेतला पाहिजे. अमेरिकेच्या औषध-नियामक खात्यानें ह्या यंत्रांस केसांचें कायमचें 'निर्मूलन' म्हणण्यास परवानगी दिली नाहीं. कायमची 'घट' एवढेंच म्हणूं दिलें. जाहिरातींत ह्या दोन शब्दांतील अंतर बहुधा दिसत नाहीं.

आतां अवभासिनीची आठवण करावयाची. मेलॅनिन केवळ केसांत नसतें. तें कातडीच्या वरच्या थरांतहि असतें, आणि आपल्या सांवळ्या लोकांत तें विपुल असतें. हरितालाच्या लेपास केस व कातडी यांतील भेद कळत नव्हता. आरंभींच्या लेसरलाहि सांवळ्या अंगावर तो नीटसा कळत नव्हता. काळा केस व गोरी कातडी ज्यांची, त्यांच्यासाठींच पहिलीं यंत्रें सोईचीं होतीं. इतकेंच काय, उन्हाचा परिणाम मोजण्यासाठीं फिट्झपॅट्रिक यांनीं १९७५ सालीं कातडीचे जे वर्ग पाडले, ते प्रथम गोऱ्यांपुरतेच चार होते. तपकिरी व काळ्या कातडीचे वर्ग मागाहून जोडले गेले. माणकाच्या लेसरची प्रकाशलहर ६९४ नॅनोमीटर लांबीची. पुढें ७५५ ची अलेक्झांड्राइट, ८०० च्या आसपासची डायोड व १०६४ ची एनडी-याग अशीं यंत्रें आलीं. लहर जितकी लांब, तितकी ती वरच्या थरांत कमी अडते व खोल जाते. म्हणून गडद वर्णास शेवटचें यंत्र अधिक सुरक्षित मानतात. दवाखान्यांत गेल्यावर दराची चौकशी सर्वच करितात, परंतु "हें यंत्र कोणतें, आणि माझ्या वर्णास तें मानवेल काय?" असें विचारणारा विरळा. आमच्या मतें पहिला प्रश्न हाच असावा.

घोलवडच्या आजींस जो भ्रम झाला, त्याचें कारणहि आतां सांगतां येईल. मुळाशीं भाजलेला केस जागच्या जागीं नाहींसा होत नाहीं. कातडी त्यास हळूहळू वर ढकलीत असते. त्यामुळें साधारण एक ते तीन आठवडे काळे ठिपके किंवा खुंट दिसतात, आणि ते वाढत आहेत असें वाटतें; मग ते आपोआप गळून पडतात. क्ष-किरणांनंतरहि डडले यांचे केस एकविसाव्या दिवशींच झडले होते. त्या झडण्याच्या मागून कातडीचा नाश येत होता, ह्या झडण्याच्या मागून सामान्यतः येत नाहीं. भेद एवढा मोठा आहे. शिवाय सर्व केस एकाच वेळीं वाढत नसतात. कांहीं वाढीच्या अवस्थेंत, कांहीं विश्रांतीच्या. वाढत्या केसावरच उपाय चांगला लागू पडतो, म्हणून चार ते आठ आठवड्यांच्या अंतरानें सहा-आठ वेळां तरी जावें लागतें. मधल्या काळांत मेण, चिमटा किंवा दोरा लावून केस उपटला, तर प्रकाशानें तापवावयाचा केसच मुळाशीं राहत नाहीं. वस्तऱ्यानें वरचा भाग काढण्यास मात्र हरकत नाहीं. पांढऱ्या केसांत रंजकद्रव्यच नसल्यामुळें त्यांवर हा उपाय चालत नाहीं.

कातडीची राखण म्हणावी तर सोपी आहे. उपायानंतर केसांच्या मुळांभोंवतीं लाली व किंचित् सूज येते. ती कांहीं तासांत, फार तर एक-दोन दिवसांत उतरते. त्यावर कापडांत गुंडाळलेला गार शेक द्यावा, बर्फ थेट लावूं नये. सुगंधरहित साधें मॉइश्चरायझर अथवा कोरफडीचा शुद्ध गर पुरे होतो. एक-दोन दिवस कढत पाण्याचें स्नान, वाफारा, पोहणें व घाम निघेल असा व्यायाम टाळावा. ठिपके झडेपर्यंत चोळणें, खरवडणें, उपटणें वर्ज्य. काकूंचें डाळीचें पीठहि वर्ज्य. बाळाची लव तर जन्मानंतर कांहीं आठवड्यांत आपली आपण झडते. पिठास तिचें श्रेय उगाच मिळतें! फोड आला, खपली धरली किंवा डाग उमटला, तर त्यास नख न लावतां डॉक्टरांस दाखवावें. आणि सर्वांत मुख्य गोष्ट ऊन. उपायापूर्वीं व नंतर कित्येक आठवडे ती जागा झांकावी, किंवा ऊन अडविणारें सनस्क्रीन लावावें. कारण भाजून सावरणारी सांवळी कातडी उन्हांत गेली कीं काळवंडते, आणि तो डाग महिनोन्महिने राहतो. लग्नाच्या तोंडावर प्रथमच हा उपाय करणें, ही तर आमच्या नवऱ्या मुलीची मूळ चूक होती.

येथें डहाणूच्या उन्हाचा विचार मनांत येतो. चिकूच्या वाडींतील सावलींत बसलेल्या मुलीस ऊन टाळण्याचा सल्ला पाळतां आला. परंतु त्याच वाडींत मजुरीस येणारी, किंवा पलीकडे तलासरीकडे पावसाळ्यांत भाताची आवणी व पुढें कापणी करणारी स्त्री ऊन कसें टाळणार? मासळी वाळविणारी कोळीण कोणत्या छायेंत बसणार? शहरांतून छापून आलेल्या सूचना त्या कोणासाठीं लिहिल्या आहेत हें सांगत नाहींत. आज ह्या उपायाचा खर्च करणारा वर्ग लहान आहे. परंतु जाहिरात सर्वांच्याच हातांतील फोनवर जाते, आणि स्वस्त दरांत, शिक्षण नसलेल्या हातांनीं यंत्र चालविणाऱ्या जागाहि निघतात. ट्रायकोच्या पेटीचा इतिहास आम्हीं इतक्या विस्तारानें सांगितला, तो ह्याचसाठीं.

आणखी एक गोष्ट घरांतील वडीलधाऱ्यांनीं लक्षांत घ्यावी. मुलीच्या हनुवटीवर एकाएकीं राठ केस येऊं लागले, पाळी अनियमित झाली, तर तो सौंदर्याचा प्रश्न नसून बहुधा शरीरांतील अंतःस्रावांचा असतो. बीजकोशाच्या अशा विकारास पीसीओएस म्हणतात. तेथें मूळ कारणाची तपासणी न करितां नुसता लेसर केला, तर केस पुन्हां पुन्हां येतात. कधीं कधीं तर, विशेषतः चेहऱ्यावर, ह्या उपायानें भोंवतालची बारीक लवच राठ होऊन वाढते, आणि आपल्या भागांतील लोकांत हा प्रकार गोऱ्यांपेक्षां अधिक आढळतो. मुलीस ह्याची आगाऊ कल्पना देणें डॉक्टरांचें कर्तव्य आहे, व विचारणें तिचा हक्क आहे.

केस ठेवावे कीं काढावे, ह्याचा निवाडा करण्याचा आमचा हेतु नाहीं. ज्या समाजांत एके काळीं पोरींचे केस त्यांच्या इच्छेविरुद्ध काढले गेले, तेथें आपल्या केसांविषयीं आपणच ठरविणारी मुलगी पाहून आम्हांस समाधानच वाटतें. मात्र ती खरोखर स्वतः ठरवीत आहे, कीं पाहावयास येणाऱ्यांच्या व जाहिरातवाल्यांच्या डोळ्यांनीं आरशांत पाहत आहे, हें तिनें एकदां स्वतःस विचारावें. आणि ठरविलें, तर त्या उपायाची परीक्षा केस गेले त्या दिवशीं करूं नये. सुश्रुतानें केस काढण्याची कृति सांगितली ती व्रण भरून यावा म्हणून. त्याच्या लेखीं कातडी हें साध्य होतें व केस काढणें हें साधन. मधल्या काळांत हा क्रम उलटला, आणि अनेकींनीं त्याचें प्रायश्चित्त घेतलें. लेसरनें तो क्रम पुन्हां सरळ करण्याची शक्यता निर्माण केली आहे. मात्र तें यंत्राकडून आपोआप होणार नाहीं. तें यंत्र धरणारा हात आणि त्यानंतर तीन आठवडे धीर धरणारें घर, ह्या दोघांकडूनच होईल.

घोलवडचें लग्न यथासांग पार पडलें. हळद लागली ती बरोबर दोन आठवड्यांनंतर, लाली पूर्ण गेलेल्या हातांस, आणि तीहि हलक्या हातानें. ती लावणाऱ्या आजीच होत्या!